लुगड्यातून गाळलेलं डिझेल

मामाजींना माणसांचं फारसं ऐकू येत नसे. इंजिनाचं मात्र सगळं ऐकू येई. लांब दांड्याच्या पेचकसाचं टोक इंजिनावर टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची, डोळे मिटायचे आणि मान हलवत राहायचं, असा त्यांचा रोज सकाळचा कार्यक्रम होता. चहा झाला म्हणून सासूबाई स्वयंपाकघरातून चारदा ओरडत, ते त्यांच्यापर्यंत पोचत नसे. पण गाडीच्या पोटात एखादा व्हॉल्व्ह जरा वेगळा वाजला की ते खाडकन डोळे उघडत आणि तो मीच वाजवला असावा अशा नजरेने माझ्याकडे बघत. "ऐकू आलं का तुले?" ते विचारत. मला काहीही ऐकू आलेलं नसे. मी नर्स आहे. छाती तपासायची माझी नळी त्यांनी एकदा मागून घेतली, इंजिनाला लावून पाहिली आणि "याच्यात काई दम नाई" म्हणून परत केली.

मामाजी म्हणजे माझे सासरे. आमच्याकडे सासऱ्यांना मामाजीच म्हणतात. सानगडीच्या एका धानगिरणीत त्यांनी तीस वर्षं डिझेल इंजिन चालवलं. ते इंजिन दिवसभर धडधडत असे आणि मामाजी त्याच्या शेजारी उभे असत. कान त्यातच गेले. मग मालकाने विजेची मोटर बसवली. मोटर बटण दाबलं की सुरू होते, तिला कोणी सांभाळावं लागत नाही. मामाजी घरी आले आणि पुढच्या दोन वर्षांत त्यांनी घरातली एकेक वस्तू दुरुस्त केली. त्यानंतर पंखा, शिलाई मशीन आणि मिक्सर आम्ही नवे घेतले.

याच सुमारास माझ्या नोकरीवर गदा आली. दिघोरीच्या पुढे एका खेड्यातल्या उपकेंद्रात मी कंत्राटी नर्स होते. कंत्राट दर वर्षी नवं व्हायचं आणि ते करताना हजेरी बघितली जायची. मला वेळेवर पोचवणारी सकाळची एकुलती एक बस बंद झाली. पुढची बस अकराची. माझे यजमान भंडाऱ्याला नोकरीला, रविवारी तेवढे घरी येणारे. त्यांनी फोनवरच निकाल दिला, "सोडून दे." सासूबाई म्हणाल्या, "सोड बापा, कायले जीव काढतं?" मीही मनातून सोडलीच होती. मामाजींच्या कानावर यातलं काही गेलेलं नाही असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. चौथ्या दिवशी जेवता जेवता ते एकदम म्हणाले, "नोकरी सोडाची नाई. गाडी घेऊ. डिझलची घेऊ. इंजन मी पाहतो."

मी स्कूटी सुचवून पाहिली. "पेट्रोलच्या इंजनाले मी इंजन म्हनत नाई," ते म्हणाले आणि वरणात भात कालवू लागले. विषय संपला.

भंडाऱ्याच्या एका खतवाल्याची तेरा वर्षं वापरलेली पांढरी गाडी त्यांनी पसंत केली. पसंत करण्याची पद्धत त्यांचीच. गाडीत ते बसले नाहीत, कागद बघितले नाहीत, किती चालली ते विचारलं नाही. मागे जाऊन धुराचा वास घेतला, ऑइलचा थेंब दोन बोटांत चोळला, पेचकस कानामागे लावला आणि खतवाल्याला म्हणाले, "इंजन इमानदार हाये." गाडीच्या चारही दारांपैकी दोनच उघडत होती, हे घरी आल्यावर आमच्या लक्षात आलं. मामाजींना ते आधीच दिसलं होतं. पण दार म्हणजे काही इंजिन नव्हे.

"इंजन म्हंजे इंजन" हे त्यांचं ब्रह्मवाक्य. गिरणीचं असो की गाडीचं. गिरणीचं इंजिन सुरू केल्यावर अर्धा तास तापू द्यावं लागे, म्हणून गाडीही अर्धा तास तापायची. तेवढ्यात शेजारच्या कमलाबाईंच्या कुरड्या काळ्या व्हायच्या. गिरणीच्या इंजिनावर वाढीव ओझं चालत नसे, म्हणून पहिल्याच आठवड्यात त्यांनी गाडीच्या एसीचा पट्टा काढून ठेवला. आमच्या जिल्ह्यात मे महिन्यात दुपारी कावळासुद्धा बाहेर दिसत नाही, हे मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "काच खाली कर ना. हवा का कमी हाये का जगात?" हवा कमी नव्हती. ती फक्त पंचेचाळीस अंशांची होती.

रविवार हा गाडी उघडण्याचा वार. अंगणात बारदाना पसरायचा, त्यावर एकेक भाग काढून ओळीत मांडायचा, माझ्या डब्याच्या वाट्यांमध्ये नट ठेवायचे. लोकांकडे म्हणे काम झाल्यावर नट उरतात. आमच्याकडे ते कमी पडत. मग कमी पडलेलं सामान घरातून उभं राही. शिलाई मशीनचा एक स्क्रू असाच गेला. ऑइलचं बूच गिरणीच्या पान्याने इतकं आवळलं की त्याचे आटे गेले, मग त्याला पोत्याची सुतळी गुंडाळली. पाण्याच्या नळीवर सायकलची ट्यूब चढली. डिझेलची टाकी सांध्यातून पाझरायला लागली तेव्हा त्यांनी कपड्यांचा साबण भिजवून तो त्या फटीत भरला, आणि गंमत म्हणजे गळती खरोखर थांबली. दर महिन्याला ताजा साबण भरावा लागे, एवढंच. महिन्याच्या किराण्यात सासूबाई एक वडी जास्तीची लिहू लागल्या.

मिस्त्रीचं नाव काढलेलं त्यांना चालत नसे. "मिस्त्री पैसे घेते न जीव लावत नाई," ते म्हणत. मिस्त्री पैसे घेऊन निदान गाडी नीट करतो, असं मी म्हटलं होतं. पण ते त्यांना ऐकू आलं नाही. त्यांना नेमकं काय ऐकू येत नाही याचा अभ्यास मी पुढे बरीच वर्षं केला.

गाडी चालवायला मी साकोलीला शिकले. पहिले काही महिने मामाजी रोज माझ्यासोबत येत. शेजारच्या सीटवर मान तिरकी करून बसत आणि रस्ताभर मला सूचना देत. रस्त्याबद्दल एक नाही, सगळ्या इंजिनाबद्दल. "आता दम लागून राहिला तिले. गेर बदल." समोरून धानाचा ट्रक येत असला तरी त्यांचं लक्ष आतल्या आवाजाकडे. उपकेंद्राशी पोचलं की मी आत जायची आणि ते बाहेर कडुनिंबाखाली गाडीजवळ बसून राहायचे, माझी ड्युटी संपेपर्यंत. डबा मी दोघांचा आणायची. गावातल्या बाया त्यांना माझा ड्रायव्हर समजायच्या आणि त्यांनाही ते चालायचं.

पण सगळ्यात मोठा सोहळा होता तो डिझेलचा. पंपावर गाडी नेऊन टाकी भरणं हे त्यांच्या दृष्टीने अडाणीपणाचं लक्षण. गिरणीत डिझेल पिंपात येई, रात्रभर ठेवलं की त्यातलं पाणी आणि गाळ तळाला बसे, मग वरचं डिझेल फडक्यातून गाळून इंजिनाला पाजलं जाई. "डिझल बसू द्या लागते," ते म्हणत. तेव्हा आमच्या मागच्या पडवीत, लोणच्याच्या बरणीच्या शेजारी, डिझेलचे दोन कॅन बसलेले असत. पाहुण्यांना आमच्या घरचं लोणचं नको असे. सकाळी मामाजी सासूबाईंचं जुनं, मऊ झालेलं हिरवं सुती लुगडं चौघडी करून टाकीच्या तोंडावर धरत आणि कॅन इतक्या सावकाश ओतत की बघणाऱ्याला वाटावं, घरात बाळाला दूध पाजणं चाललं आहे. मला उशीर होत असे. मी घड्याळ दाखवत असे. घड्याळाचाही आवाज त्यांना येत नसे.

एवढी सेवा होऊनही गाडीने एक खोड धरली. सोमवारी ती झकास पळायची, मंगळवारी बरी, आणि बुधवार-गुरुवारपर्यंत चढावर खोकायला लागायची. मग रविवारी मामाजी डिझेलचा फिल्टर खोलून स्वच्छ धुवायचे, पाइपातली हवा काढायचे, आणि सोमवारी पुन्हा झकास. "पंपवाल्याचं डिझल खराब हाये," त्यांनी निदान केलं. पंप बदलला. मग दुसरा बदलला. जवळचे पंप संपले तेव्हा ते वीस मैलांवरून कॅन भरून आणू लागले आणि आणखी दाट घड्या घालून गाळू लागले. गाडी आणखी खोकू लागली.

माझ्यासाठी हे काही हसण्यावारी नेण्यासारखं राहिलं नव्हतं. दोनदा मला उशीर झाला होता. आमच्या डॉक्टरांनी बोलावून घेतलं. माणूस वाईट नव्हता, पण त्यांचाही वरचा साहेब होता. "बाई, लसीकरणाच्या दिवशी पुन्हा उशीर झाला तर मला लिहून द्यावं लागेल. मग कंत्राटाचं माझ्या हातात नाही," ते म्हणाले. घरी येऊन मी हे मामाजींना कागदावर लिहून दाखवलं, म्हणजे ऐकू न येण्याची सोय उरायला नको. त्यांनी कागद दोनदा वाचला, घडी करून बंडीच्या खिशात ठेवला आणि त्या रविवारी फिल्टर तीनदा धुतला.

रोवणीचे दिवस होते. लसीकरणाचा बुधवार होता. दिघोरीहून लसीचा डबा उचलून मला नऊला उपकेंद्रात पोचायचं होतं. डबा मागच्या सीटवर ठेवला आणि गाव मागे टाकलं तोच गाडी दोनदा ठसकली आणि तलावाच्या पाळीशी उभी राहिली. दोन्ही बाजूंना चिखलात वाकून बाया धानाचे परे, म्हणजे रोपं, लावत होत्या, त्या कंबर सरळ करून आमच्याकडे बघू लागल्या. मामाजींनी उतरून बोनट उघडलं. त्या दिवशी नटावर पाना बसेना. फिल्टर काढून त्यांनी माझ्या हातात दिला. "पकड. हवा धरली तिनं. पाच मिन्टं." मी म्हणाले, "मामाजी, नऊ वाजून राहिले!" माझा आवाज इतका चढला की शेतातल्या बाया पुन्हा बघायला लागल्या.

त्यांना तो ऐकू गेला. पाना खाली टाकून ते रस्त्याच्या मधोमध जाऊन उभे राहिले आणि परे वाहून नेणारा एक ट्रॅक्टर दोन्ही हात पसरून त्यांनी अडवला. "पोरीले दवाखान्यात सोड, भाऊ. लस हाये तिच्यापाशी." मी ट्रॅक्टरच्या मडगार्डवर, मांडीवर लसीचा डबा घेऊन, चिखलाचे शिंतोडे झेलत निघाले. मागे वळून पाहिलं तेव्हा ते रस्त्यातच उभे होते.

पोचले तेव्हा नऊ वाजून वीस मिनिटं झाली होती. पडवीत पंधरा-सोळा बाया लेकरं घेऊन बसलेल्या, आणि नेमके त्याच दिवशी पाहणीला आलेले डॉक्टर खुर्चीत. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. मी हात धुवायला नळाशी गेले. डिझेल साबणाने लवकर निघत नाही. बोटं चोळताना मला त्यावर बारीक बारीक तंतू चिकटलेले दिसले. जखमेवर गॉज सुकली की तिचे तंतू कसे चिकटून राहतात हे मी नोकरीभर बघत आले आहे, त्यामुळे कापसाचा तंतू मला ओळखू येतो. आणि हे तंतू हिरवे होते.

गिरणीच्या इंजिनाचा फिल्टर भरड होता, तो असे तंतू सहज गिळत असे. गाडीच्या बारीक फिल्टरमध्ये ते अडकून बसत होते. म्हणजे दर रविवारी मामाजी जो कचरा धुऊन काढत होते तो रोज सकाळी तेच, मोठ्या मायेने, टाकीत सोडत होते. पंपवाल्यांना उगीच बोल लागला होता. लेकरांना टोचता टोचता मी संध्याकाळचं भाषण तयार करत होते. पाच महिन्यांचं साठलं होतं, भाषण चांगलं लांब झालं असतं.

तासाभराने बाहेर गाडीचा आवाज आला; एरवी स्टिअरिंगला हात न लावणाऱ्या मामाजींनी ती स्वतःच हाकत आणली होती. मामाजी आत आले, कोपरापर्यंत काळे, धोतर गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेलं. पडवीतल्या सगळ्या बायांमधून वाट काढत ते थेट डॉक्टरांच्या खुर्चीसमोर जाऊन उभे राहिले. स्वतःला ऐकू येत नसल्यामुळे ते नेहमीच ओरडून बोलत. त्या दिवशी ते गावाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू गेलं असणार.

"डाक्टरसाहेब, गाडी मी पाहतो. चूक माही हाये. पोरीच्या नावानं काई लिहू नोका जी. मले लिहा."

आणि त्यांनी बंडीच्या खिशातून मी लिहून दिलेला तो कागद काढून डॉक्टरांपुढे धरला, त्याच्यावरच लिहायचं असेल तर लिहा म्हणून. डॉक्टर गडबडून उभे राहिले. सासऱ्याच्या चुकीसाठी त्यांच्या कुठल्याही रजिस्टरमध्ये रकाना नव्हता. शेवटी त्यांनी मामाजींना खुर्ची दिली, पाणी मागवलं आणि काही लिहिलं नाही. कडकपणाबद्दल ज्यांची ख्याती होती त्या डॉक्टरांना माझ्या समोर "बसा बाबा, बसा" म्हणताना मी प्रथमच ऐकलं.

भाषण मी केलं नाही. ज्या माणसाने माझ्यासाठी भर पडवीत मान खाली घातली होती, त्याला घरी नेऊन ते हिरवे तंतू दाखवायला मला जमलं नाही. साकोलीच्या एका शेती-पंपाच्या दुकानातून मी बारीक जाळीचं नरसाळं आणलं आणि बेधडक खोटं सांगितलं की हे दवाखान्यातून आलं आहे, औषध गाळायचं. मामाजींनी ते उन्हाकडे धरून फिरवून फिरवून पाहिलं. "सरकारी माल मजबूत दिसते," ते म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून डिझेल नरसाळ्यातून जाऊ लागलं आणि गाडीचा खोकला गेला.

पुढच्या रविवारी त्यांनी बारदाना पसरला, पण फिल्टर उघडला नाही. ते लुगडं त्यांनी सोड्याच्या पाण्यात भिजवलं, स्वतःच्या हाताने धुतलं, वाळवलं आणि घडी करून सासूबाईंच्या हातात दिलं. गावात मात्र वर्षभर सांगत होते की पंपवाले आता सुधरले.

अशी पाच वर्षं गेली. माझी हजेरी त्यानंतर चुकली नाही. मला कायमचा हुकूम आला तो कारध्याजवळच्या एका केंद्राचा. यजमानांची नोकरी भंडाऱ्यात, म्हणजे नदीच्या पलीकडच्या काठावर. घर हलवायचं ठरलं. मामाजी आणि सासूबाई यायला तयार नव्हते. गाडी मात्र घेऊन जा म्हणाले, "मी का करू तिचं? मले कुठं टाइमावर जाचं हाये?"

निघायच्या सकाळी त्यांनी गाडी तापवली, अर्धा तास, नेमाने. मी स्टिअरिंगवर बसले तेव्हा खिडकीशी आले. नेहमीसारखी इंजिनाची सूचना देतील म्हणून मी तोंड वाकडं करून तयारच होते.

"तिकडं एखादा चांगला मिस्त्री पाहून ठेवजो," ते म्हणाले.

मला वाटलं माझेच कान बिघडले. "मिस्त्री?"

"हो. मी केलेलं सारं उघडाले लावजो त्याले. सुतळी, साबन, सारं. मी इथं होतो म्हनून चाललं, रोज पाहत होतो. तिकडं कोन पाहीन? रस्त्यात उभी राहीन तुही गाडी." मग आवाज त्यांच्या मानाने पुष्कळ खाली आणून म्हणाले, "लुगड्याचे धागे तू पाहिले न बोलली नाई. मिस्त्री बोलन. नाव ठेवन मले. ठेवू देजो. तुले टाइमावर पोचाचं हाये."

पाच वर्षांत त्यांना मी उलट उत्तर दिलं नाही असा तो पहिला प्रसंग. मी मान हलवली आणि गाडी गिअरमध्ये टाकली.

मिस्त्रीकडे मी गेले नाही. आज जाऊ, उद्या जाऊ करत राहिले. गाडीनेही मला अडवलं नाही. धान निघालं, आणि त्यानंतरच्या थंडीत एक दिवस दुपारचं जेवून मामाजी खाटेवर जरा आडवे झाले ते उठले नाहीत. सासूबाई सांगत होत्या, मी दोन हाका मारल्या, वाटलं नेहमीसारखं ऐकू गेलं नाही.

दिवसकार्य झाल्यावर मी कामावर रुजू झाले. दुसऱ्याच आठवड्यात टाकी पाझरायला लागली. साबण भरणारं कोणी नव्हतं. मी गाडी मिस्त्रीकडे लावली. चांगला, हुशार माणूस होता. त्याने खाली सरकून पाहिलं, बोनट उघडून पाहिलं, सुतळी ओढली, शिलाई मशीनचा स्क्रू बोटाने हलवला आणि दुकानातल्या दोघांना बोलावून दाखवू लागला. तिघेही हसले.

"कोन्या अडान्यानं हात लावला, ताई, याले?"

यापेक्षा वाईट शब्द मी स्वतः किती वेळा वापरले होते त्याला गणती नाही. आणि मला तर सांगून ठेवलं होतं की नाव ठेवू दे. मला ते जमलं नाही.

"माझ्या बाबानं," मी म्हणाले. "तीस वर्षं इंजन चालवलं त्यायनं. हसाचं असन तर बोनट बंद करून द्या, मी दुसरीकडं नेईन." आणि हे असं ठणकावून सांगून झाल्यावर मी त्याच्या दुकानातल्या बाकावर बसून सगळ्यांसमोर रडले. मिस्त्रीने पोरांना कामाला पिटाळलं आणि माझ्यासाठी चहा मागवला.

टाकी त्याने झाळून दिली, बूच बदललं, नळ्या बदलल्या, एसीचा पट्टा बसवला, चारही दारं उघडून दिली. आता गाडी सकाळी एका चावीत सुरू होते. तापवावी लागत नाही, खोकत नाही, कोणी मान तिरकी करून शेजारी बसत नाही. मी रोज वेळेच्या दहा मिनिटं आधी केंद्रात पोचते, आणि मला ते मुळीच आवडत नाही.